ल्योंला जेवायला जाताना

फ्रान्सला जाणाऱ्या मराठी पर्यटकांच्या यादीत ल्यों सहसा नसते. पॅरिस पाहून झाले की मंडळी स्वित्झर्लंडकडे वळतात, आणि रोन व सोन या दोन नद्यांच्या संगमावरचे हे दोन हजार वर्षांचे शहर वाटेतले एक स्थानक म्हणून मागे पडते. मला याची फार रुखरुख वाटते, कारण जेवणासाठी म्हणून फ्रान्समधले एकच शहर निवडायचे झाले, तर मी जराही विचार न करता ल्यों निवडेन. यापूर्वी कामानिमित्त तिथे राहणे झाले आहे. यंदा ऑक्टोबरमध्ये आई आणि नवरा यांच्यासह जायचे ठरले आहे, आणि ही सहल पूर्णपणे खाण्याभोवती आखायची असेही ठरले आहे. आम्हा तिघांच्या खाण्याच्या मर्यादा तीन प्रकारच्या आहेत. आई शाकाहारी आहे. केकमधले अंडे तिला चालते, ताटातले चालत नाही. मी कोंबडी, मासे आणि बोकडाचे मटण खाते. नवऱ्याला काहीही वर्ज्य नाही. आमच्यासारखी घरे पुष्कळ असतील, म्हणून आखणी करताना काय काय विचारात घ्यावे लागले ते सविस्तर लिहीत आहे.

माझे पहिले आणि आग्रहाचे सांगणे असे, की ल्योंची आखणी स्थळांपासून सुरू करू नये, ती वारांपासून सुरू करावी. चर्च, नदीकाठ आणि जुन्या गल्ल्या कोणत्याही दिवशी तशाच असतात. स्वयंपाकघरे तशी नसतात. शहरातल्या अनेक चांगल्या खानावळी रविवारी आणि सोमवारी बंद राहतात, काही शनिवार-रविवार बंद राहतात, आणि ऑगस्टमध्ये तर कितीतरी मालक चूल विझवून दोन-तीन आठवड्यांच्या सुट्टीवर जातात. भाजीपाल्याचे मोठे बाजार मंगळवार ते रविवार सकाळी भरतात, सोमवारी नाही. म्हणजे शनिवारी रात्री पोचून मंगळवारी सकाळी निघणारा प्रवासी, जो आपल्या मते तीन रात्री ल्योंमध्ये राहिलेला असतो, त्याला ल्योंच्या जेवणाचा बराचसा भाग बंद दारांच्या रूपानेच दिसतो. आम्ही मंगळवारी दुपारी पोचायचे आणि रविवारी संध्याकाळी निघायचे असे ठरवले, आणि मगच विमानाची तिकिटे पाहिली.

वारांनंतर घड्याळ. दुपारचे जेवण बारा ते दोन आणि रात्रीचे साधारण साडेसातनंतर, हा क्रम तिथे कसोशीने पाळला जातो. दुपारी पावणेतीनला भूक लागली तर चहा-कॉफी आणि काहीतरी गोड मिळेल, पण चुलीवरचे गरम जेवण मिळणे अवघड. आपल्याकडे सुट्टीत सकाळी उशिरा भरपेट नाश्ता आणि तीन वाजता जेवण अशी सवय असते. ती ल्योंमध्ये सरळ नडते. म्हणून आम्ही सकाळ हलकी ठेवली आहे, बारा वाजता टेबलावर हजर राहायचे आहे, आणि दिवसाचे मुख्य जेवण दुपारीच घ्यायचे आहे. दुपारचा ठरावीक मेन्यू रात्रीपेक्षा स्वस्त असतो, हे एक कारण. दुसरे कारण त्याहून महत्त्वाचे: ल्योंचे पारंपरिक जेवण लोणी, साय आणि चरबी यांनी इतके जड असते, की ते रात्री साडेनऊला संपवून झोपणे आईच्या वयाला झेपणारे नाही. रात्री घरी पाव, चीज, फळे आणि सूप. एका दिवसात दोन मोठी जेवणे करायची नाहीत, हा नियम मी तिघांनाही घातला आहे.

आता या जेवणाचे मूळ. ल्योंची खास खानावळ म्हणजे ‘बुशों’. लाकडी टेबले, चौकडीचे कापड, शेजारच्या माणसाचा कोपर लागेल इतकी दाटी, आणि जाड बुडाच्या ४६ सेंटिलिटरच्या बाटलीतून येणारी बोजोले किंवा रोनकाठची वाइन. ही दरबारी पाककला नव्हे. एकोणिसाव्या शतकात ल्यों हे युरोपातल्या रेशीमधंद्याचे मोठे केंद्र होते, आणि क्र्वा-रूस या टेकडीवरच्या घरांत ‘कानू’ म्हणून ओळखले जाणारे विणकर जॅकार्ड माग, म्हणजे नक्षीदार कापड विणणारे उंच माग, चालवत असत. या मागांची उंची इतकी, की तिथल्या घरांची छते आजही सुमारे चार मीटर उंच आहेत. १८३१ साली मजुरीच्या दरांवरून याच विणकरांनी मोठा उठाव केला. पहाटेपासून राबणारी ही माणसे सकाळी नऊच्या सुमारास स्वस्त, गरम आणि पोटाला आधार देणारे काहीतरी खात, आणि मांसाचे चांगले तुकडे श्रीमंतांच्या घरी गेल्यावर जे उरे ते त्यांच्या ताटात येई: वजडी, खूर, मुंडी, आतडी, काळीज. त्या सकाळच्या जेवणाला ‘माशों’ म्हणतात, आणि काही बुशों अजूनही ते सकाळी वाढतात.

विणकरांच्या ताटाला पुढे जी चव आणि जी शिस्त आली ती बायकांच्या हातून आली. श्रीमंत घरांत स्वयंपाकीण म्हणून काम केलेल्या अनेक स्त्रियांनी नोकरी सुटल्यावर स्वतःची खानावळ काढली. लोक त्यांना ‘मेर’ म्हणजे आई म्हणू लागले. मोजकेच पदार्थ, पण तेच पदार्थ वर्षानुवर्षे करून त्यांत हात पूर्ण बसलेला, अशी त्यांची पद्धत होती. मेर फियू या त्यांपैकी एक मोठे नाव, आणि त्यांच्या हाताखाली शिकून निघालेल्या युजेनी ब्राझिए हे त्याहून मोठे. १८९५ साली ब्रेस भागातल्या शेतकरी घरात जन्मलेल्या, लहानपणीच आई गमावलेल्या आणि गुरे राखत वाढलेल्या या बाईने १९२१ मध्ये र्यू रॉयाल या रस्त्यावर स्वतःची जागा उघडली. १९३३ साली त्यांच्या शहरातल्या आणि डोंगरावरच्या अशा दोन्ही खानावळींना मिशेलिन या फ्रेंच खाद्य-मार्गदर्शिकेचे प्रत्येकी तीन तारे मिळाले. एका माणसाच्या नावावर एकाच वेळी सहा तारे ही गोष्ट पुढे साठ वर्षांहून अधिक काळ कोणालाही साधली नाही. प्रसिद्ध शेफ पॉल बोक्यूज, ज्यांचे नाव आज ल्योंच्या भिंतीभिंतीवर आहे, ते तरुणपणी याच ब्राझिएबाईंच्या डोंगरावरच्या स्वयंपाकघरात उमेदवारी करत होते.

हे वाचताना मला आपल्या गिरणगावातल्या खानावळी आठवल्याशिवाय राहत नाहीत. तिथेही कापडधंद्यातल्या कामगारांना बायकांनीच जेवू घातले, आणि १९७५ साली प्रेमा पुरव यांनी त्या बायकांना अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणले. गिरणगावच्या त्या जेवणाला शहराने मानाचे पान दिले नाही. ल्योंने आपल्या मेर मंडळींना दिले, त्यांच्या नावाच्या पाट्या जपल्या आणि त्यांचे पदार्थ शहराची ओळख म्हणून पुढे आणले. या शहराबद्दलच्या माझ्या आदराचे मोठे कारण हेच आहे, आणि म्हणूनच आमच्या आखणीत सर्वांत मानाची दुपार मेर ब्राझिएंच्या मूळ जागेसाठी राखून ठेवली आहे. ती जागा अजून चालू आहे. २००८ पासून ती मात्यू व्हियाने या शेफकडे आहे आणि तिला मिशेलिनचे दोन तारे आहेत. काळ्या ट्रफलच्या, म्हणजे जमिनीखाली वाढणाऱ्या सुगंधी अळिंबीच्या, चकत्या कातडीखाली सरकवून शिजवलेली ब्रेसची कोंबडी हा ब्राझिएबाईंचा गाजलेला पदार्थ. पांढऱ्या कातडीतून आतल्या काळ्या चकत्या दिसतात. अशा ठिकाणी महिना-दीड महिना आधी टेबल राखावे लागते, आणि शाकाहारी पाहुणा असल्यास ते त्याच वेळी लेखी कळवावे लागते. ऐन वेळी सांगितले तर स्वयंपाकघर नाइलाजाने सलाड पुढे करते. आधी सांगितले तर तिथले आचारी मन लावून वेगळे ताट रचतात.

बोक्यूज यांचे स्वतःचे रेस्तराँ शहराच्या उत्तरेला, सोन नदीच्या काठी कोलोंज या गावात आहे. १९६५ पासून २०२० पर्यंत त्याचे तीन तारे अखंड टिकले, आणि १९७५ साली राष्ट्राध्यक्षांच्या मेजवानीसाठी बोक्यूज यांनी केलेले, वर खुसखुशीत पापुद्र्याचे झाकण असलेले ट्रफलचे सूप तिथे अजूनही मिळते. माणशी काही शे युरो खर्च करायची तयारी असेल तर जरूर जावे. मी मात्र ते पैसे बुशों आणि बाजार यांत वाटून टाकणे पसंत करते, कारण शहराची जीभ तिथे जास्त जवळून कळते.

बुशों निवडताना एक सावधगिरी. सोन नदीच्या पश्चिमेचा जुना ल्यों हा भाग फार देखणा आहे. पंधराव्या-सोळाव्या शतकांतली घरे, त्यांच्या पोटातून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेणारे ‘त्राबूल’ नावाचे झाकलेले मार्ग, आणि हे सगळे १९९८ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेले. पर्यटक तिथेच फिरतात, म्हणून बुशों असे नाव लावून बाहेरून आणलेले गोठवलेले पदार्थ गरम करून वाढणाऱ्या जागाही तिथे पुष्कळ आहेत. खऱ्या बुशोंना एक अधिकृत मान्यता दिली जाते आणि तिची पाटी दारावर असते. हातात पेला घेतलेला न्याफ्रों हा तिथला हातात घालून नाचवायचा बाहुला त्या पाटीवर दिसतो. पाटी नसलेली प्रत्येक जागा खोटी असे नव्हे, पण प्रथम जाणाऱ्याला ती खूण उपयोगी पडते. माझा स्वतःचा अनुभव असा, की दोन नद्यांच्या मधल्या प्रेस्कील या भागात, नगरभवनाच्या आसपासच्या गल्ल्यांत, जिथे दुपारी आजूबाजूच्या कचेऱ्यांतली माणसे जेवायला येतात, तिथे जेवण अधिक भरवशाचे असते. ‘ल गारे’ आणि ‘काफे दे फेदेरास्यों’ ही त्या भागातली जुनी नावे. तीन पदार्थांच्या पूर्ण जेवणाला माणशी तीस युरोंच्या आगेमागे धरून चालावे. पाव आणि नळाच्या पाण्याचा जग यांचे वेगळे पैसे नसतात, आणि सेवेचा आकार किमतीतच धरलेला असतो.

आता ताटात काय येते ते स्पष्ट सांगते, कारण आपल्याकडच्या बहुतेकांना हे आधी माहीत असणे गरजेचे आहे. बुशोंच्या पाट्यांवर डुकराचे आणि गोवंशाचे मांस सर्वत्र असते. ‘ताब्लिये द सापर’ म्हणजे वाइनमध्ये मुरवून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेली वजडी. आमच्या घरी बोकडाची वजडी आवडीने होते, त्यामुळे नाव ऐकून तोंडाला पाणी सुटावे. पण ल्योंची वजडी गोवंशाची असते. ‘आंदुयेत’ हे सॉसेज आतड्यांचे, तेही डुकराच्या नाहीतर वासराच्या. सलाडातसुद्धा डुकराच्या मांसाचे परतलेले तुकडे घातलेले असतात, आणि मसुराच्या सलाडात सॉसेजच्या चकत्या. माझ्यासारख्या कोंबडी-मासे खाणाऱ्या माणसाने मात्र निराश होऊ नये. कोंबडीच्या काळजाचा वाफवलेला मऊ केक, व्हिनेगरमध्ये शिजवलेली कोंबडी, साय आणि अळिंब्यांतली ब्रेसची कोंबडी हे सगळे ल्योंचे अस्सल पदार्थ आहेत. फक्त सॉसमध्ये वासराच्या हाडांचा अर्क आहे का, एवढे विचारून घ्यावे. ब्रेसच्या कोंबडीला १९५७ पासून फ्रान्समध्ये कायद्याने मूळस्थानाचे संरक्षण आहे; पांढरी पिसे, निळसर पाय आणि लाल तुरा ही तिची ओळख.

आणि ‘कनेल’. या पदार्थासाठी मी पुन्हा ल्योंला जाईन. पाइक या नदीतल्या माशाला काटे इतके बारीक आणि इतके जास्त, की त्याचा तुकडा सुखाने खाता येत नाही. म्हणून त्याचे मांस वाटून, चाळून, लोणी, पीठ आणि अंडी यांच्या शिजवलेल्या मिश्रणात घोटतात आणि त्याचे लांबट गोळे वळतात. हे गोळे आधी पाण्यात अलगद शिजतात, मग नदीतल्या झिंग्यांच्या नांत्युआ सॉससह भट्टीत जातात. टेबलावर येतो तेव्हा कनेल मूळ आकाराच्या जवळजवळ दुप्पट फुगलेला असतो, वरची कड तपकिरी झालेली असते, भोवती केशरी सॉस भांड्याच्या कडेला अजून बुडबुडत असतो. चमचा लावला की वरचा पातळ पापुद्रा तुटतो आणि आत अगदी हलका, जाळीदार, वाफाळता गर लागतो. फोटो काढत बसायला वेळ नसतो. काही मिनिटांत तो खाली बसतो आणि बसलेला कनेल जड लागतो. म्हणून तो पुढ्यात आला की बोलणे थांबवून खायचा.

आईसाठी याच कनेलमध्ये एक वाट आहे. बाजारात मासा न घातलेला साधा कनेल मिळतो, फक्त पीठ किंवा रवा, दूध, लोणी आणि अंडी यांचा. अंडे आत मुरलेले असल्याने तिच्या नियमात बसते, आणि आमच्या भाड्याच्या घरात टोमॅटोच्या सॉसवर तो सहज भाजता येईल. बाहेर जेवताना तिच्यासाठी मी काही पदार्थ हेरून ठेवले आहेत. साय, दूध आणि लसूण यांत भट्टीत मंद शिजवलेले बटाट्याचे काप, म्हणजे दोफिने भागातला ग्रातें, हा तिला नक्की आवडेल. ‘सर्व्हेल द कानू’ हे नाव ऐकून घाबरायचे कारण नाही. ते मऊ ताजे चीज असते, त्यात छोटे कांदे, लसूण, पातीसारखी चाइव्ह, मीठ-मिरी, थोडे तेल आणि व्हिनेगर घोटलेले असते, आणि ते पावाला लावून किंवा उकडलेल्या बटाट्यासोबत खातात. मात्र ते चीजच असल्याने खाली सांगितलेला रेनेटचा प्रश्न त्यालाही आहे. कांद्याच्या सूपचा मात्र मोह आवरावा, कारण ते बहुधा मांसाच्या अर्कात केलेले असते. मांस नको एवढेच सांगितले तर मासा येऊ शकतो. म्हणून ‘नी व्यांद, नी प्वासों’, म्हणजे मांसही नको आणि मासाही नको, असे म्हणावे, आणि त्याला ‘सां लार्दों’ जोडावे, म्हणजे सलाडातले डुकराच्या मांसाचे तुकडेही टळतात.

चीजबद्दल एक गोष्ट मी आईला आधीच सांगितली आहे. फ्रान्सच्या बहुतेक पारंपरिक चीजमध्ये दूध विरजायला वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, आणि ल्योंचे लाडके सें-मार्सेलें त्याला अपवाद आहे असे धरून चालता येत नाही. शाकाहारी माणसाला हे न सांगता चीज खाऊ घालणे मला योग्य वाटत नाही. आईने क्षणभर विचार केला आणि म्हणाली, “मग मी लोणी-पाव खाईन, तुम्ही खुशाल खा.” तिथले लोणी आणि तिथला पाव पाहता तिचे फारसे बिघडणार नाही.

भाड्याचे घर आम्ही मुद्दाम क्र्वा-रूसच्या टेकडीवर घेतले. स्वयंपाकघर असलेले घर हे अशा सहलीत हॉटेलपेक्षा कितीतरी उपयोगी, कारण बाजारात दिसणाऱ्या वस्तू शिजवता आल्या नाहीत तर जीव हळहळतो. टेकडीच्या माथ्यावरच्या मोठ्या रस्त्यावर सकाळी लांबलचक बाजार भरतो, आणि तो पर्यटकांपेक्षा रहिवाशांचा अधिक आहे. खाली शहरात जायला मेट्रोची सी मार्गिका आहे. चढ इतका तीव्र की ती गाडी दातेरी रुळावरून चालते. उतरताना आम्ही चालतच जाणार आहोत, विणकरांच्या उंच खिडक्यांच्या घरांमधून, म्हणजे बुशोंपर्यंत पोचेपर्यंत भूकही लागेल. सोनच्या काठी सें-आंत्वान घाटावर भरणारा दुसरा बाजार अधिक देखणा, पण भाव थोडे चढे.

ऑक्टोबर का, असे अनेकांनी विचारले. या दिवसांत बाजारात सेप अळिंबी, अक्रोड, चेस्टनट, नासपती आणि भोपळे एकदम येतात. डोंगरातले मों-दोर हे लाकडी पट्टीत बांधलेले, चमच्याने खायचे चीज सप्टेंबरपासून विक्रीला येते. ग्रेनोब्लचे अक्रोड, ज्यांना १९३८ सालीच मूळस्थानाचे संरक्षण मिळाले, ते याच सुमारास नव्या हंगामाचे मिळतात. ल्योंचे नशीब असे, की एका बाजूला ब्रेसची कोंबडी, दुसऱ्या बाजूला दोंबच्या तळ्यांतले मासे, उत्तरेला बोजोलेचे मळे, दक्षिणेला रोनच्या खोऱ्यातली फळे आणि पूर्वेला आल्प्सची चीज, हे सगळे काही तासांच्या अंतरात आहे. प्रत्येक ऋतूला कुठूनतरी काहीतरी येतच असते. तरी तारखा जपून निवडाव्यात. आपली दिवाळीची सुट्टी आणि फ्रान्समधली ऑक्टोबरअखेरची शाळांची सुट्टी कधीकधी एकमेकींवर येतात, त्या वेळी गाड्या भरलेल्या आणि भाडी चढलेली असतात. १ आणि ११ नोव्हेंबर हे तर सार्वजनिक सुट्टीचे दिवस. ८ डिसेंबरच्या आसपासचा दीपोत्सव अतिशय सुंदर असतो, पण त्या दिवसांत शहरात इतकी गर्दी लोटते की निवांत जेवणाचा विचार सोडून द्यावा. आम्ही ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा धरला आहे.

एक दुपार शहराबाहेर, आणि तीही आईच्या वाट्याची. ल्योंच्या ईशान्येला पेरूज नावाचे तटबंदीचे मध्ययुगीन गाव आहे. आगगाडीने मेक्सिमिए स्थानकावर उतरून टेकडी चढली की दगडी फरसबंदीच्या गल्ल्या लागतात. तिथली गालेत म्हणजे ब्रिओश या लोणी-अंड्यांच्या मऊ पावाच्या पिठाची पातळ, मोठी, गोल पोळी, लोणी आणि साखर पसरून कडक भट्टीत भाजलेली. साखर वितळून कडेला किंचित जळते आणि तीच कड सर्वांत चविष्ट. शनिवारी सकाळी नवरा माशों जेवायला जाईल तेव्हा आम्ही मायलेकी क्र्वा-रूसच्या बाजारात असू, आणि तिथून गुलाबी प्रालीनच्या पेस्ट्रीकडे वळू. साखरेच्या लाल पाकात घोळवलेले बदाम कुटून, सायीत शिजवून ते टार्टमध्ये ओततात. रंग इतका भडक की लहान मुलांच्या वाढदिवसाचा खाऊ वाटावा; चव मात्र खमंग भाजक्या बदामाची, आणि गोडी आपल्या जिभेलाही पुरून उरेल इतकी.

प्रवासाचे थोडक्यात. मुंबईहून पॅरिस आणि तिथल्या विमानतळाच्याच स्थानकातून थेट वेगवान गाडीने सुमारे दोन तासांत ल्यों, हा आम्हाला सोयीचा मार्ग वाटला. पॅरिस-ल्यों ही फ्रान्समधली पहिली अतिवेगवान गाडी १९८१ साली याच दोन शहरांमध्ये सुरू झाली. दुबईमार्गे थेट ल्योंला उतरण्याचाही पर्याय आहे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा त्यासोबत लागतो. राहण्याची जागा अर्जातच दाखवावी लागत असल्याने घर आधी ठरवावे, टेबले नंतर राखावीत.

रविवारची सकाळ पार-द्यू स्थानकाजवळच्या झाकलेल्या बाजारासाठी आहे. १९७१ साली शहराच्या मध्यातून इथे हलवलेल्या या बाजाराला २००६ पासून पॉल बोक्यूज यांचे नाव आहे. वास्तू आतून चकचकीत, भाव घाटावरच्या बाजारापेक्षा बरेच चढे, तरी एका छपराखाली इतका निवडक माल दुसरीकडे पाहायला मिळत नाही. मेर रिशार यांच्या दुकानातले सें-मार्सेलें तिथेच घ्यावे; तळहाताएवढी चकती, वरची साल सुरकुतलेली, आणि पिकलेली असेल तर बोट लावताच आतून वाहायला लागेल अशी. कधी खाणार ते विक्रेत्याला सांगितले की तो त्या दिवसाला पिकेल अशी चकती हाताने दाबून निवडून देतो. आमच्या दोन चकत्या त्याच दुपारी पावाबरोबर संपतील. पुण्याला आणायला प्रालीनच्या पिशव्या आणि अक्रोड घेणार आहोत, कारण त्यांना ना थंडावा लागतो ना वास येतो. रविवारी हा बाजार दुपारनंतर आटोपतो, म्हणून खरेदी अकराच्या आत उरकून तिथल्याच एखाद्या काउंटरवर बारा वाजता जेवायचे, आणि संध्याकाळच्या गाडीने पॅरिसला निघायचे.